या आठवड्यात एक नंबर

पाटी मीच लिहायचो.
बेळगावात, खडे बाजाराच्या तोंडाला,
नदाफ म्युझिक सेंटरच्या दारात,
दर शनिवारी ओल्या फडक्यानं पुसून, एक ते दहा.
डावीकडं मराठीत, उजवीकडं कन्नडात.
खडू फुकटचा, नदाफशेठच्या मेव्हण्याच्या शाळेतला.

त्र्याण्णवच्या दिवाळीआधी
वडगावची रेणुका मुतगेकर आली पिशवी घेऊन.
पिशवीत पन्नास कॅसेटी, कव्हर झेरॉक्सचं,
गाण्याचं नाव 'स्वल्प थांब'.
अर्धं त्यांचं, अर्धं आमचं,
की 'स्वल्प'सुद्धा आमचाच, पोथीतला,
यावर दोन गिऱ्हाइकं चहा संपेस्तोवर भांडली.

रेकॉर्डिंग मागाच्या खोलीत केलेलं, रात्री.
विरूपाक्ष मास्तरांचा कॅसिओ, एक डफ,
घरचे माग बंद ठेवलेले.
शेजारच्याचा नाही थांबला.
त्याला शुक्रवारपर्यंत चार साड्या द्यायच्या होत्या.
म्हणून गाण्याच्या खाली सबंध
खडाक् खट्, खडाक् खट्,
आणि ती त्याच्यावरच गायली, करणार काय.

आता सांगून टाकतो.
पहिल्या आठवड्यात गेल्या सात.
त्यातल्या दोन तिच्या मावशीनं नेल्या.
मी पाटी पुसली
आणि एक नंबरवर तिचं नाव लिहिलं.
मुंबईच्या मोठ्या गाण्याला दोनवर ढकललं.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
ती दारात उभी होती, पायात स्लीपर,
एकीचा पट्टा सुतळीनं बांधलेला.
बहुतेक तेच.

लोक पाटी वाचतात.
पुढच्या शनिवारी ऐंशी. त्यापुढं मोजणं सोडलं.
निपाणीच्या बिडी वळणाऱ्या बायांनी वर्गणी काढून
एकदम चाळीस नेल्या.
संकेश्वरला, हुक्केरीला, खानापूरच्या बाजारात तेच.
लग्नात बँडवाले वरात अडवून तेच वाजवायचे,
नवरी उंबऱ्यावर, पाय उचललेला,
आणि क्लॅरिनेट म्हणतंय, स्वल्प थांब.
तेवीस आठवडे.
शेवटी शेवटी ती ओळ मी पुसतच नव्हतो,
तिच्या भोवतीनं फडकं फिरवायचो.

मधे एका रात्री कुणीतरी दुकानाच्या बोर्डाला डांबर फासलं,
मराठी गेली.
पंधरा दिवसांनी दुसऱ्यांनी कन्नड घालवली.
पाटीला कुणी हात लावला नाही.
त्यात फार काही बघू नका,
पाटी आम्ही रात्री आत घ्यायचो.

मग सीडी आली. मग दुकानात मोबाईलची कव्हरं.
नदाफशेठ गेले. पाटी माझ्या घरी आहे,
दुधाचा हिशेब लिहितो तिच्यावर.

गाणं मात्र हिंडतंय.
पुण्याच्या कुणा पोरानं त्याला नवी धडधड लावली,
खालचा माग पुसून काढला, आवाज खराब होता म्हणे.
त्याची रिंगटोन झाली.
मागं येणाऱ्या टेम्पोचा हॉर्न झाला.
आणि आता सकाळी सातला घंटागाडी येते ते वाजवत,
ओला कचरा, सुका कचरा, स्वल्प थांब,
आणि स्वतः काही थांबत नाही.

गेल्या महिन्यात वडगावला गेलो होतो,
तर रेणुका दिसली, गाडीमागं बादली घेऊन पळताना.
'ह्याचे पैसे बिसे मिळतात काय गं?'
'कुठलं रे.' तिनं बादली आपटून रिकामी केली.
मग म्हणाली,
'त्या पहिल्या आठवड्यात सातच गेलेल्या.
शेठनी हिशेबाला बोलावलं, तवाच कळलं मला.'
तीस वर्षं.
मी पायाकडं बघितलं. माझ्याच.

गाडी कोपऱ्यावर वळली,
तिथं एक माग अजून चालतो, कुणाचा ते माहीत नाही,
आणि त्याच्या खिडकीवरनं जाताना
दोन ओळींपुरता ताल बसला.
मग चुकला.
'च्या घेणार?' म्हणत ती बादली धुवायला आत गेली.